आसऱ्याचं बलुतं

'बलुतं' १९७८ साली आलं. तेव्हापासून त्याच्यावर जे लिहून आलं ते बहुतेक दोन खात्यांत टाकता येतं. एका खात्यात पांढरपेशे समीक्षक. त्यांना पुस्तकातली वेदना दिसली, प्रांजळपणा दिसला, बोलीचा गोडवा दिसला. मराठी वाङ्मयात एका अनोळखी जगाची भर पडली म्हणून त्यांनी पाठ थोपटली, आणि ते जग होतं तसं अनोळखीच ठेवून घरी गेले. दुसऱ्या खात्यात आपलेच लोक. घरातली घाण चव्हाट्यावर मांडली, आयाबायांची अब्रू उघडी केली म्हणून चिडलेले. दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत. हे पुस्तक म्हंजे एका माणसाची कहाणी.

मी हे पुस्तक एका कागदाशेजारी ठेवून वाचलं. तो कागद म्हंजे परक्या देशात आसरा मागणाऱ्या माणसाची जबानी. 'बलुतं' ही तशी जबानी आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे, एवढं मला सांगायचंय.

कारण सांगतो. आपल्या बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. कुठं काही घडलं, पंचनामा झाला, मोर्चा निघाला, कोर्टात साक्षीदार फुटले, की मागल्या रांगेतला एखादा पोरगा उठतो आणि म्हणतो, इथं न्याय मिळत नाही तर दुसऱ्या देशात आसरा मागता येत नाही का? वडीलधारी मंडळी त्याला खाली बसवतात. देश सोडायची भाषा काढू नको म्हणतात. मला वाटतं त्याला खाली बसवू नये. प्रश्न कायद्याचा आहे आणि कायदा वाचता येतो. बाबासाहेबांच्या पोरांनी कायद्याच्या कागदाला बिचकायचं म्हंजे लईच झालं.

तर कागद उघडू. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनं पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचं चौदावं कलम आसऱ्याचं. छळ होत असेल तर दुसऱ्या देशात आसरा मागायचा आणि त्याचा उपभोग घ्यायचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, असा त्याचा मतलब. वाचायला झकास. पण आपण कविता लिहिणारी माणसं, क्रियापदाकडं आधी बघायचं. मागणे. उपभोगणे. ह्या दोघांच्या मधलं क्रियापद कुठं गेलं? मागितलं आणि उपभोगलं, मग दिलं कुणी?

ते क्रियापद मसुद्यात होतं. मागायचा आणि मिळायचा हक्क, असं मसुद्यात होतं. ब्रिटननं दुरुस्ती आणली. 'मिळायचा' काढला आणि त्या जागी 'उपभोगायचा' बसवला. कुणाला दारात घ्यायचं हे ज्याचं त्या देशानं ठरवायचं, परक्या माणसाचा हक्क म्हणून नाही, असा त्याच्यामागचा हिशोब. एका शब्दाची अदलाबदल. कागद तसाच गोजिरा राहिला, आणि त्याच्यातला देणारा गायब झाला.

गिरणीतल्या बदली कामगाराला हे कलम शिकवावं लागत नाही. तो पाळी सुरू व्हायच्या आधी कार्ड घेऊन गेटवर उभा असतो. काम मागायचा त्याला हक्क आहे. कुणी त्याला हाकलू शकत नाही. आत घेतलं तर त्या दिवसाचा पगारही त्याचा, तो कुणी काढून घेणार नाही. मागणे आहे, उपभोगणे आहे. पण आत घ्यायचं का नाही ते वरच्याच्या मानेवर. मान हलली तर आठ तास, नाही हलली तर चहा पिऊन घरी. आमच्यात वीस वीस दिवस असे हक्क बजावून घरी गेलेले लोक आहेत.

आणि आपल्या चळवळीलाही हे नवं नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. मग काय झालं? काहीच नाही. तळ्यात पाणी, कागदावर हक्क, आणि आपला माणूस तहानलेला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळ भरली, तेव्हा लाठ्या बाहेर आल्या. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. हक्क लिहिणारे खंडीभर असतात. तो देणं कुणावर बंधनकारक आहे हे ज्या कागदात लिहिलेलं नाही तो कागद अर्धाच लिहिलेला असतो.

आता पुस्तकाच्या नावाकडं या. समीक्षकांनी ह्या नावाचा अर्थ तळटिपेत दिला आणि पुढं गेले. बलुतं हाही हक्कच होता! गावच्या रिवाजात हक्क. गावाची कामं करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसापुढं पळायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा मागायचा. कुणी म्हणणार नाही की म्हाराला बलुतं मागायचा हक्क नाही. उलट मागायलाच पाहिजे. पण किती घालायचं, कधी घालायचं, पाटीत घालायचं का अंगावर खेकसून वाटेला लावायचं, ते कुणब्याच्या मर्जीवर. मागणे आणि उपभोगणे. चौदावं कलम पॅरिसला लिहिलं गेलं खरं, पण आमच्या अकोले-संगमनेरच्या खळ्यांवर ते त्याच्या आधी कित्येक पिढ्या चालू होतं. धामणगावच्या दगडू मारुती पवारनं ते पाहिलं, आणि दया पवारनं ते लिहिलं.

जाहीरनाम्यानं जे सोडून दिलं त्यातलं थोडं पुढं जिनिव्हाच्या करारात आलं. तारीख २८ जुलै १९५१. निर्वासित कुणाला म्हणायचं ते त्यात ठरवलं. माणूस स्वतःच्या देशाबाहेर पाहिजे. त्याच्या मनात छळाची भीती पाहिजे आणि त्या भीतीला आधार पाहिजे. छळ पाच कारणांपैकी एका कारणानं पाहिजे, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, नाहीतर राजकीय मत. आणि त्याचं सरकार त्याचं रक्षण करू शकत नाही, किंवा भीतीपायी तो त्या सरकारकडं जाऊ शकत नाही, असं पाहिजे. सुरवातीला हे सगळं १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घडामोडींपुरतं होतं, म्हंजे युरोपातल्या महायुद्धाच्या राडारोड्यापुरतं. ती अट १९६७ च्या पुरवणी करारानं काढली. ह्या करारात एक भक्कम गोष्ट आहे, तेहतिसावं कलम. आलेल्या माणसाला जिथं त्याच्या जिवाला धोका आहे तिथं परत ढकलायचं नाही. दार उघडायचं बंधन इथंही नाही. आत पोचलेल्याला बाहेर फेकायचं नाही, एवढं आहे.

जात ह्या पाचांत नाही. २००१ साली डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत आपले लोक जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा भारत सरकारनं तिथं ठासून सांगितलं की जात म्हंजे वंश नव्हे, हा आमचा घरगुती मामला आहे. २००२ साली राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीनं मात्र जन्मावरून होणाऱ्या भेदात जातही येते असं सांगितलं. आसऱ्याच्या अर्जात दलित माणसाला बहुधा चौथ्या दारानं जावं लागतं, विशिष्ट सामाजिक गट. आपण जन्मानं एका गटात पडलोय, तो गट बदलता येत नाही, आणि त्याच्यापायीच मार पडतो, हे एकेका अर्जात नव्यानं सिद्ध करायचं. शेकडो वर्षांचा पुरावा, आणि दर वेळी पहिल्या पानापासून.

भारतानं ना १९५१ च्या करारावर सही केली ना १९६७ च्या. निर्वासितांसाठी वेगळा कायदा इथं नाही. परका तो परका. आधी १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, पण निर्वासित हा शब्द वेगळा काढून त्याला हक्क दिलेला नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनं तीन देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट करून दिली, त्यात कोण वगळलं ते तुम्हाला ठाऊक आहे. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की जगण्याचा हक्क नागरिकालाच नाही, ह्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे. बाबासाहेबांच्या घटनेचं एकविसावं कलम 'व्यक्ती' म्हणतं, 'नागरिक' म्हणत नाही. तिथंही शब्दच कामाला आला.

आपल्या नगरलाही ह्या विषयाचा एक जुना धडा आहे, तो शाळेत शिकवत नाहीत. नगरचा किल्ला म्हटलं की लोक नेहरूंच्या खोलीकडं बोट दाखवतात, १९४२ चे कैदी, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. त्याच्या तीन वर्षं आधी, १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं तेव्हा इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातले जर्मन पुरुष पकडून नगरच्या छावणीत तारेच्या कुंपणाआड टाकले. त्यात नाझी होते. आणि हिटलरच्या हातून जीव वाचवून इथं आसऱ्याला आलेले ज्यूही होते! मारणारा आणि पळालेला एका कुंपणात, कारण दोघांचा पासपोर्ट एकच. पुढं चौकशी समितीपुढं उभं करून त्यातल्या पुष्कळ ज्यूंना सोडलं. पण पहिल्या दिवशी कागदानं माणूस बघितला नाही, शिक्का बघितला.

त्याच छावणीत हाइनरिश हारर नावाचा ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक होता, नाझींच्या एसएस दलाचा माणूस. त्याला पुढं देहरादूनला हलवलं. तिथून तो १९४४ साली पळाला आणि तिबेटात गेला. ल्हासानं त्याला आसरा दिला. आणि १९५९ साली त्याच तिबेटचे दलाई लामा जीव घेऊन भारतात आले, भारतानं आसरा दिला. तिबेटी लोकांची एक वसाहत आपल्या विदर्भात, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला आहे. कोल्हापूरजवळ वळिवडेला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-पोरं, छावणीत राहिली. सायबेरियाकडून इराणमार्गे आलेली, होरपळलेली. चांगलंच झालं, कोण म्हणेल वाईट झालं? महाराष्ट्र जगाला आसरा देतो अशी भाषणं त्याच्यावर होतात. ती ऐकताना मला खळं आठवतं. दिलं, पण मर्जीनं दिलं. तिबेट्यांना मर्जी झाली, रोहिंग्यांना नाही झाली. हक्काला मर्जी लागत नसते.

आता परत 'बलुतं'कडं, कारण मुख्य मुद्दा इथं आहे.

समजा आपल्या तालुक्यातला एखादा माणूस कसाबसा परदेशात पोचला आणि अर्ज केला. त्याची जात मान्य झाली, मार खरा ठरला, पोलिसांनी तक्रार घेतली नाही हेही पटलं. तरी एक प्रश्न उरतो आणि बरेच अर्ज तिथंच पडतात. अधिकारी विचारतो, तुझ्या गावात धोका आहे, कबूल. पण तुझा देश केवढा मोठा. तू मुंबईला का गेला नाहीस? स्वतःच्याच देशात दुसरीकडं सुरक्षित राहता येत असेल तर परक्या देशानं आसरा का द्यावा, असं हे तर्कशास्त्र. राष्ट्रसंघाच्या निर्वासित कार्यालयानं २००३ साली ह्याच्यावर सूचना काढल्या. दुसरी जागा खरंच सुरक्षित आहे का, आणि तिथं ह्या माणसानं माणसासारखं जगावं अशी अपेक्षा वाजवी आहे का, ते बघा म्हणून सांगितलं. पण 'वाजवी' ठरवणार कोण? त्या साहेबाला मुंबई म्हंजे उंच इमारती. तिथं कोण कुणाची जात विचारतो, असं त्याला वाटतं. त्याला कशाला, आपल्याकडल्या शिकल्यासवरल्यांनाही वाटतं.

ह्या प्रश्नाला मराठीत एक सविस्तर उत्तर लिहून ठेवलेलं आहे. त्याचं नाव 'बलुतं'. पुस्तकातली माणसं मुंबईला गेलेली आहेत. वडील गोदीत कामाला. घर कावाखान्यात, नागपाड्याच्या बाजूला. म्हंजे अधिकारी सांगतो ते सगळं करून झालेलं. मग काय मिळालं? जातीची माणसं जातीच्या माणसांशेजारी खोपटाएवढ्या जागेत. पुरुष हमाली करतात. बाया रस्त्यावरचं भंगार, चिंध्या, कागद, काच वेचतात. गावात मेलेलं ढोर ओढायचं, शहरात शहरानं टाकलेलं उचलायचं. काम बदललं, कामाची जात तीच. आणि वडलांची नोकरी गेली की पुन्हा गाव. सुरक्षित जागेतून धोक्याच्या जागेत परत जायची पाळी येते ती कुणी ढकलल्यामुळं नाही, पोटामुळं. तेहतिसाव्या कलमाला हे ढकलणं दिसत नाही. पोटाचं ढकलणं कुठल्या करारात लिहिलंय?

समीक्षकांनी गाव आणि मुंबई ह्या ये-जा करण्याला पुस्तकाची 'सैल रचना' म्हटलं तर म्हणू द्या. मला ती येरझार पुस्तकाचा कणा वाटते. आसरा शोधणाऱ्या माणसाचा रस्ता सरळ नसतोच. तो निघतो, अडतो, माघारी येतो, पुन्हा निघतो. ज्या लेखकानं ही येरझार सुबक करून एका दिशेची केली असती त्यानं खोटी साक्ष दिली असती.

मुंबईच्या बाबतीत मी माझ्या धंद्यातलं एक जोडतो, पुस्तकाला पुरवणी म्हणून. मुंबईच्या गिरण्यांत आपला माणूस रिंग खात्यात चाले, साचाखात्यात चालत नसे. साचाखात्यात पगार जास्त. पण धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि म्हाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. सगळे मिळून लाल बावट्याखाली घोषणा देत, आणि धोट्यापाशी आले की आपापली जात आठवत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला, साचाखातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणी घालणार का नाही? नाइलाजानं घातली. मुंबईत कोण जात विचारतो म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला हा धोटा दाखवला पाहिजे. मुंबईच कशाला, २०२३ साली अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाला बंदी करणारा कायदा करावा लागला. जातीला समुद्र ओलांडायला पासपोर्ट लागला नाही.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. 'बलुतं'त बोलणारा दगडू आहे आणि ऐकून लिहिणारा दया पवार आहे. माणूस एकच, नावं दोन. पांढरपेशे समीक्षक ह्याला निवेदनाचं तंत्र म्हणाले. अहो, तंत्र कसलं? लपवून लपवून माणूस दोन झालेला आहे. शिकलेल्या, नोकरीतल्या दया पवारला दगडूची लाज वाटते, आणि दगडू त्याला सोडत नाही. आता आसऱ्याच्या अर्जात काय होतं बघा. तिथं माणसाला परक्या साहेबापुढं, दुभाष्याकरवी, आपल्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं सांगायचं असतं. पहिल्या खेपेला तो निम्मं गिळतो. काय खाल्लं, कुणी काय पाजलं, आईबहिणीवर काय गुदरलं, हे कोण सांगेल? दुसऱ्या खेपेला थोडं जास्त सांगतो. मग साहेब दोन्ही जबान्या शेजारी ठेवतो आणि म्हणतो, मेळ बसत नाही, हा खोटारडा आहे. दया पवारनं त्या दोन्ही जबान्या एकाच पुस्तकात ठेवल्या, आणि त्या दोन का आहेत तेही सांगितलं. घाण चव्हाट्यावर मांडली म्हणून चिडलेल्या आपल्या मंडळींना माझं हेच उत्तर आहे. साक्षीदारानं अब्रू सांभाळून साक्ष दिली की आरोपी सुटतो.

पुस्तकाचं उणं मला दिसतं ते बायांच्या बाबतीत. आई आहे, आजी आहे, कावाखान्यातल्या बाया आहेत. त्यांचे हाल आहेत, पण त्यांची भीती त्यांच्या तोंडून नाही. त्या कशाला भ्यायल्या, कुणाला भ्यायल्या, घरातल्या पुरुषाला भ्यायल्या का, हे दगडू बाहेरून बघतो. करारातही हीच भोक आहे. पाच कारणांत बाईपण नाही, तिलाही त्याच चौथ्या दारानं जावं लागतं. ही जबानी पुढं बेबीताई कांबळ्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये आणि ऊर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये दिली. तिन्ही पुस्तकं एका फायलीत लावली तर अर्ज पुरा होतो.

आता त्या मागल्या रांगेतल्या पोराला काय सांगायचं? पहिलं हे की अर्ज करायला देशाबाहेर असावं लागतं. गावकुसाबाहेर असून भागत नाही. जामखेड-पाथर्डीचा कोयता घेऊन कारखान्यावर जाणारा माणूस, ज्याची उचल फिटत नाही, तो विमानाचं तिकीट कुठून काढणार? ज्याला आसऱ्याची सगळ्यात जास्त गरज त्याच्यापासून हा हक्क सगळ्यात लांब. दुसरं हे की सीमा ओलांडली म्हंजे संपलं असंही नाही. जोगेंद्रनाथ मंडलांना विसरू नका. १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर गेले ते त्यांच्या जोरावर. ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, आणि १९५० च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन कलकत्त्याला आले ते निर्वासित म्हणून. एक कायदामंत्री! त्यांच्यामागून आलेल्या नामशूद्रांना दंडकारण्याच्या छावण्यांत टाकलं. त्यातले काही हजार १९७८ साली सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर जाऊन आपल्या हातानं वसले. १९७९ च्या जानेवारीत डाव्या सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, मे महिन्यात झोपड्या जाळून माणसं हाकलली. किती मेली त्याचा हिशोब आजही वादात आहे. देश मिळाला होता, आसरा नव्हता.

बाबासाहेबांनी स्वतः जगाचं दार ठोठावायचा विचार केला होता. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. म्हंजे बाहेर जाऊन बोलणं त्यांना वर्ज्य नव्हतं. पण आसऱ्याबद्दल त्यांची मागणी बघा. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत ठराव, अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती करा, सवर्णांच्या गावांपासून वेगळ्या. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तीच गोष्ट घटनेची कलमं म्हणून, त्यासाठी आयोग, त्याच्या ताब्यात पडीक जमीन. देशातल्या देशात आसरा, आणि तो देणं सरकारवर बंधनकारक. ब्रिटननं जे क्रियापद १९४८ साली खोडलं ते बाबासाहेबांनी त्याच्या आधीच लिहून ठेवलं होतं. घटनेत ते आलं नाही. ह्या मागणीवर आपल्यात आता कुणी बोलत नाही. गौरवग्रंथ निघतात, ठरावाचं नाव निघत नाही.

थोडं आलं ते फार उशिरा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दलिताला घर किंवा गाव सोडायला लावणं हा गुन्हा ठरला. २०१५ च्या दुरुस्तीनं, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, '१५ अ' हे कलम घातलं. पीडित, त्याच्यावर अवलंबून असणारे, खबर देणारा, साक्षीदार, ह्यांना संरक्षण, प्रवासखर्च, आणि तपास व खटला चालू असताना दुसऱ्या जागी हलवून तिथं त्यांची सोय, हे राज्यावर बंधन आहे. बंधन! चौदाव्या कलमात जे नाही ते ह्यात आहे. मित्रांनो, आपल्यातल्या किती जणांनी '१५ अ' खाली एक तरी अर्ज लिहिलाय?

खर्ड्याचं आठवा. २८ एप्रिल २०१४, जामखेड तालुका, शाळेत जाणारं सतरा वर्षांचं पोरगं मारून टाकलं. सगळ्या महाराष्ट्रातून गाड्या आल्या. नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या कोर्टात खून प्रकरणातले आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फुटले. आपण साक्षीदारांना शिव्या दिल्या. साक्षीदाराला साक्ष देऊन संध्याकाळी त्याच गावात, त्याच रस्त्यानं, त्याच लोकांच्या दारावरून घरी जायचं होतं. त्या भीतीला आधार होता. सरकार रक्षण करील असा भरवसा नव्हता. जिनिव्हाच्या करारातली एक सोडून सगळी कलमं त्याला लागू पडतात. ती एक म्हंजे तो देशाबाहेर नव्हता. त्याला लंडन नको होतं, खटला संपेपर्यंत नगर शहरात दोन खोल्या पाहिजे होत्या.

पुढच्या अंकासाठी कविता कमी पाठवा. गाव सोडलेल्यांच्या जबान्या पाठवा. नाव बदलून लिहा, तालुका लिहा, पण तारखा बदलू नका. गाव कधी सोडलं, त्याच्या आधी कुणाकुणाकडं गेलात, अर्जाची पोच घेतली का, कुठं गेलात, तिथं खोली देताना काय विचारलं, परत यावं लागलं का आणि कशामुळं. बाया सांगत असतील तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, मधे बोलू नका. शाईनं, कागदाच्या एका बाजूला.